शिट्टीच्या फासळ्या, कपाटाचा दम

शिट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव आठवायला आता तिच्या नवऱ्यालासुद्धा क्षणभर थांबावं लागतं. तरुणपणापासून ती पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होती. उंच खुर्चीवर बसायचं, गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर हात, आणि पाण्यात कुणी आगाऊपणा केला की अशी शिट्टी फुंकायची की पलीकडच्या रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा थांबाव्यात. पुढे गुडघ्यांनी संप पुकारला. खुर्चीची शिडी चढवेना. मग तलाववाल्यांनी तिला तिकीट खिडकीत बसवलं. तिथे एका माणसाने रांग मोडली, हिने सवयीने शिट्टी फुंकली, आणि तो बिचारा इतका दचकला की हातातला टॉवेल टाकून पळत सुटला. त्याच दिवशी तिने ठरवलं, की काचेमागे बसणं हे आपलं काम नव्हे.

गुडघ्यांसाठी ती एका मालिशवाल्या बाईकडे जायची. वाकडी माणसं दारातून आत जातात आणि सरळ होऊन बाहेर येतात, हे ती बाकावर बसून बघायची. "अहो, हे मला जमेल," तिने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. नवरा फरशी बसवण्याचं काम करायचा. तो म्हणाला, "जमेल की. फक्त माझ्यावर सराव करू नकोस, मला कामावर जायचं असतं."

मालिश शिकवणारी शाळा चपलांच्या दुकानाच्या वर होती. दोन खोल्या, सहा टेबलं, खिडकीत एक हाडांचा सापळा. सापळ्याच्या डोक्यावर कुणीतरी टोपी ठेवलेली आणि ती कधीच कुणी काढली नव्हती. शिकवणाऱ्या बाई काटकुळ्या आणि करड्या शिस्तीच्या. जोड्या त्यांनी चिठ्ठ्या टाकून लावल्या. वर्षभर एकमेकांवरच शिकायचं. शिट्टीच्या वाट्याला आला कपाट.

कपाट म्हणजे घरसामान हलवणारा गडी. शिट्टीपेक्षा बराच लहान, पण अंगाने दुप्पट. दारातून सरळ आत यायची सोय नव्हती, जरा तिरका होऊनच यायचा. आयुष्यभर लोकांची कपाटं जिन्यांवरून चढवली, म्हणून हे नाव. पाठ दुखायला लागल्यावर त्याने विचार केला, की आता कपाटं उचलण्यापेक्षा पाठी चोळाव्यात. बोलायला लाजाळू. शिट्टीला पहिल्याच दिवशी त्याने "ताई" केलं आणि तिथून दोघांचं गूळपीठ जमलं.

अभ्यास पायापासून सुरू झाला. पोटऱ्या झाल्या, मांड्या झाल्या, पाठ झाली, खांदे झाले. शिट्टीच्या हाताला गुण होता, बाईंनी तसं एकदा तोंडावर म्हटलंही, आणि त्या दिवशी ती घरी दोन दोन पायऱ्या गाळत चढली. गुडघे ओरडले, तिने ऐकलं नाही.

आणि मग आली श्वसनसंस्था.

बाई वर्गात एक प्लास्टिकची बाटली घेऊन आल्या. बुड कापलेली, तिथे रबरी हातमोज्याचा तुकडा ताणून बांधलेला, आत तोंडाशी एक छोटा फुगा लटकवलेला. त्यांनी खालचं रबर चिमटीत धरून खाली ओढलं. आतला फुगा टम्म फुगला. सोडलं, फुगा बसला.

"फुग्यात हवा कुणी भरली?" बाईंनी विचारलं.

सगळे माना वाकड्या करून फुग्याकडे बघायला लागले.

"कुणीच नाही! हे रबर म्हणजे आपलं श्वासपटल. फासळ्यांच्या आत छत्रीसारखा एक घुमट असतो, स्नायूचा. वर फुफ्फुसं, खाली पोट. श्वास घेताना हा घुमट सपाट होत खाली उतरतो, छातीत जागा होते, आणि हवा आपणहून आत येते. आपण हवा ओढत नाही. आपण फक्त जागा करतो."

शिट्टीला हे इतकं आवडलं, की तिने बसल्या जागी मोठा श्वास घेऊन बघितला. तिचं बघून कपाटाने घेतला. त्याच्या शर्टाचं एक बटण उडालं आणि सापळ्याच्या टोपीवर टपकन पडलं.

"लक्ष इकडे!" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी रबर पुन्हा ओढलं. जरा जास्तच ओढलं. ते बाटलीवरून सुटलं आणि फट्कन बाईंच्या नाकावर बसलं.

कुणी हसलं नाही. बाईंच्या समोर हसण्याची कुणाची छाती नव्हती. पण शिट्टीच्या पोटात कुठेतरी एक बुडबुडा उठला, तिने तो दाबला, आणि इथेच चूक झाली. दाबलेलं हसू कुठे जात नाही, ते दबा धरून बसतं.

"आता प्रत्यक्ष," बाई नाक चोळत म्हणाल्या. "एकाने टेबलावर उताणं पडायचं. दुसऱ्याने दोन्ही हात फासळ्यांच्या खालच्या भागावर, बाजूंनी ठेवायचे. श्वास आत जाताना फासळ्या बाहेरच्या बाजूला उचलल्या जातात, बादलीची कडी वर उचलावी तशा. ते हाताला जाणवलं पाहिजे. छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक नाजूक असतं, तिथे दाब द्यायचा नाही. घशावर तर नाहीच नाही."

शिट्टी टेबलावर आडवी झाली. कपाटाने तळवे एकमेकांवर चोळून ऊन केले, आदराने पुढे आला, आणि तिच्या फासळ्यांना हात लावला.

त्यानंतर जे झालं ते शाळेत अजून सांगतात. शिट्टी आधी किंचाळली. मग हसली. तिचं हसू म्हणजे काही साधंसुधं प्रकरण नव्हतं, तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज पोचवणारी छाती होती ती. ती टेबलावर माशासारखी तडफडायला लागली. कपाट घाबरून मागे सरकला तो सापळ्यावर आदळला, सापळ्याचा हात त्याच्या खांद्यावर पडला, तो ओरडला, आणि मग मात्र अख्ख्या वर्गाचा बांध फुटला. शेजारच्या टेबलावरची शिंपीण पोट धरून खाली बसली. एक निवृत्त पोस्टमन होते, ते रडत होते का हसत होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. खालून चपलांच्या दुकानाचा मालक वर आला, कुणाला लागलंय का ते विचारायला, आणि कारण न कळताच तोही हसत सुटला.

"गुदगुल्या!" शिट्टी धापा टाकत म्हणाली. "बाई, मला लहानपणापासून... फासळ्यांना... कुणी नुसतं बोट दाखवलं तरी..."

बाईंचा चेहरा करारी होता. सगळ्यांना वाटलं, आता ही घरी जाणार. पण बाई म्हणाल्या, "थांबवू नका. हसा. बाकीच्यांनी बघा. पोट कसं उसळतंय? हसणं म्हणजे तुकड्या तुकड्यांनी बाहेर पडणारा श्वास. शांत बसलेलं असताना श्वास सोडायला काही कष्ट लागत नाहीत, घुमट सैल पडला की हवा आपली जाते. पण हसताना, खोकताना पोटाचे स्नायू धक्के देऊन ती बाहेर काढतात. म्हणूनच हसून हसून पोट दुखतं." एवढं बोलून त्या खिडकीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते.

मात्र तास संपल्यावर त्यांनी शिट्टीला आणि कपाटाला थांबवून घेतलं. "आजची मजा झाली. पण परीक्षेत याच भागावर काम करून दाखवायचंय. बाहेरून डॉक्टर येणार आहेत. तुम्ही पडून राहू शकला नाहीत तर याला काम दाखवता येणार नाही. याचीही परीक्षा बुडेल."

शिट्टीचा चेहरा पडला. स्वतः नापास होणं तिने हसण्यावारी नेलं असतं. पण कपाटाने नोकरी सोडली होती, आणि तो बिचारा तिच्याकडे बघून म्हणाला, "असू दे ताई, पुढच्या वर्षी बघू." तेच तिला लागलं.

खरं सांगायचं तर कपाटाचंही सगळं आलबेल नव्हतं. काम करताना तो श्वास घ्यायलाच विसरायचा. जड वस्तू उचलायची तर आधी छाती भरून घ्यायची, दम धरायचा, आणि वर पोचल्यावरच सोडायचा, ही त्याची वर्षानुवर्षांची सवय. माणसाच्या खांद्यावर हात ठेवला तरी तो दम धरायचा. तोंड लाल, मग जांभळं. हात लाकडासारखे ताठ. शेवटी टेबलावरच्या माणसाला सोडून यालाच पाणी द्यावं लागायचं.

एकीचा श्वास थांबत नाही आणि एकाचा सुटत नाही. अशी ही जोडी रविवारी दुपारी शिट्टीच्या घरी जमली.

बाहेरच्या खोलीत जेवणाचं टेबल होतं. त्यावर दुलई अंथरली. सासूबाई खुर्ची ओढून अशा बसल्या जणू नाटकाचं पहिल्या रांगेतलं तिकीट काढलंय. वय ऐंशीच्या घरात, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत.

"हा मुलगा हिला चोळणार?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"अभ्यास आहे आई."

"मग चालू द्या. मी बघते नीट करतो का ते."

आधी नवरा टेबलावर चढला. शिट्टी कपाटाच्या हातांवर नजर ठेवून उभी राहिली. कपाटाने नवऱ्याच्या मानेखाली हात घातले. बाईंनी शिकवलं होतं, की मानेच्या बाजूचे काही स्नायू थेट सगळ्यात वरच्या दोन फासळ्यांना धरून असतात. धाप लागली की ते फासळ्या वर खेचून मदतीला धावतात. पण काही माणसं बसल्या जागीही त्यांनाच राबवतात, आणि मग मान दुखते म्हणून ओरडतात. कपाट ते स्नायू शोधत होता. शोधता शोधता त्याचे गाल फुगले, कान लाल झाले.

"श्वास घे!" शिट्टी ओरडली. खुर्चीवरून वीस वर्षं ओरडायची तशीच. नवरा टेबलावरून पडता पडता राहिला.

"घेतो तर आहे ताई."

"घेतोस. सोडत नाहीस! पाण्यात नवखी माणसं हेच करतात. छातीत हवा कोंडून ठेवतात, मग वर आल्यावर नवी घ्यायला जागाच नसते, आणि वाटतं गुदमरतोय. आधी सोड. घेणं आपोआप होतं. बाईंनी काय सांगितलं? फक्त जागा करायची."

"पण काम करताना लक्षात राहत नाही."

"मग बोलत राहा. बोलताना माणूस दम धरूच शकत नाही. आवाज बाहेर जाणाऱ्या हवेवरच निघतो."

"काय बोलू?" कपाट लाजून म्हणाला. आयुष्यात एवढं कठीण काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"जिन्यावर सामान चढवताना काय बोलायचास?"

कपाटाने जरा विचार केला. मग त्याने पुन्हा नवऱ्याच्या मानेखाली हात घातले आणि हलक्या आवाजात म्हणाला, "हां, सावकाश... डावीकडून घ्या... कोपरा सांभाळा... थोडं वर... आता टेकवा, टेकवा..."

त्याचे हात बघता बघता मऊ झाले. नवऱ्याने डोळे मिटले आणि एक लांबलचक निःश्वास टाकला. "अगं," तो म्हणाला, "मी कपाट असतो तर याच्याकडूनच हललो असतो."

मग शिट्टीची पाळी. ती आडवी झाली. कपाटाचे हात अजून वीतभर लांब होते, आणि हिचं हसू सुरू. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तिने इतक्या जोरात पाय झाडले की पाण्याचा तांब्या उडाला. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यातलं थोडं खरंखुरं होतं.

"वेडी का खुळी तू?" सासूबाई उठल्या. "तुझा हात ठेव की आधी. स्वतःच्या हाताने कधी कुणाला गुदगुल्या होतात का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एवढी साधी गोष्ट, आणि कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

शिट्टीने आपले दोन्ही तळवे आपल्याच फासळ्यांवर ठेवले. काही नाही. कपाटाने आपले हात तिच्या हातांवर ठेवले. ती ताठली, ओठ थरथरले.

"सोड," सासूबाई म्हणाल्या. "श्वास सोड. त्याला काय शिकवत होतीस मघाशी?"

शिट्टीने श्वास सोडला, सावकाश, जसा पोहायला शिकवताना पाण्यात सोडायला लावायची तसा. फासळ्या खाली आल्या, त्यांच्यावरचे चारही हात खाली आले. मग श्वास आत आला. बादलीची कडी उचलली गेली. कपाट पुटपुटत होता, "सावकाश... कोपरा सांभाळा..." एका श्वासाबरोबर तिने एक हात हळूच काढून घेतला. दुसऱ्याबरोबर दुसरा. कपाटाचे पंख्याच्या पात्यांएवढे हात तिच्या फासळ्यांवर होते आणि ती हसत नव्हती.

"अगंबाई," ती छताकडे बघत म्हणाली, "हे असं असतं होय?"

त्यानंतर सासूबाईंनी "आता माझं" म्हणून टेबलावर चढायचा हट्ट धरला. नवऱ्याने उचलून ठेवलं. कपाटाने त्यांच्या फासळ्या एकेक करून मोजल्या, बाराच्या बारा, दोन्ही बाजूंनी. "सगळ्या आहेत ना?" सासूबाईंनी विचारलं. "बघ बाबा, एवढ्या वर्षांच्या संसारात एखादी गेली असेल."

परीक्षेच्या दिवशी बाई नेहमीपेक्षा सरळ उभ्या होत्या. बाहेरून आलेले डॉक्टर गोल गरगरीत, मिशीवाले, हातात चहाचा कप. शिट्टीने आपलं काम आधी केलं, कपाटाच्या पाठीवर, आणि डॉक्टरांच्या प्रश्नांना न अडखळता उत्तरं दिली. उजव्या फुफ्फुसाचे भाग तीन, डावीकडे दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. श्वासनलिका फुटत फुटत बारीक होत जाते आणि शेवटी द्राक्षांच्या घोसासारखे वायुकोश. त्यांची भिंत इतकी पातळ की प्राणवायू पलीकडे रक्तात जातो आणि रक्तातला नको तो वायू अलीकडे येतो. एका ठिकाणी ती चुकलीही. श्वासपटलाला हुकूम देणारी नस कमरेतून निघते म्हणाली. डॉक्टरांनी भुवई उचलली. "मानेतून! मानेतून!" तिने स्वतःच्याच कपाळावर मारून घेतलं.

मग ती टेबलावर आडवी झाली. हात फासळ्यांवर. त्यावर कपाटाचे हात. बाईंनी डोळे मिटून घेतले. वर्ग भिंतीला टेकून जीव मुठीत धरून उभा होता, आणि पोस्टमननी आधीच रुमाल तोंडात कोंबला होता.

शिट्टीने श्वास सोडला. एक हात काढला. दुसरा काढला. हसू नाही.

"सावकाश... डावीकडून..." कपाट पुटपुटला.

"काय म्हणताय?" डॉक्टर जवळ आले.

"काही नाही सर. श्वास घेतोय."

डॉक्टरांनी मान हलवली आणि बघत राहिले. शिट्टीचा श्वास लांबत गेला. खाली, आणखी खाली, पोटापर्यंत. आदल्या रात्री काळजीने तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. जन्मात पहिल्यांदा फासळ्या अशा मोकळ्या सुटल्या होत्या. आणि मग त्या निःशब्द खोलीत एक आवाज झाला. खर्र. थोडं थांबून पुन्हा. खर्रर्र.

शिट्टी घोरत होती.

कपाटाने दम धरला. त्याचा चेहरा जांभळा होऊ लागला.

"हा आवाज कुठून येतोय?" डॉक्टरांनी गंभीरपणे विचारलं.

भिंतीपाशी कुणीतरी फिस्सकन हसलं. कपाटाने फू करून सगळी हवा सोडली, डॉक्टरांच्या चहावर तरंग उठले, आणि तो म्हणाला, "मऊ टाळू आणि पडजीभ, सर. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट अरुंद होते, आणि जाणारी हवा त्यांना थरथरवते."

"मग तुम्ही काय कराल?"

"हळूच कुशीवर वळवीन, सर. पण..." तो अडखळला. "श्वासपटल इतकं छान चाललंय की हलवावंसं वाटत नाही."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. मिशी थरथरली. आणि ते असे खदाखदा हसले की खिडकीची काच वाजली. त्या आवाजाने शिट्टी ताडकन उठून बसली, गळ्यापाशी चाचपडली आणि डोळे न उघडताच गरजली, "खोल पाण्यात जाऊ नका! मागे फिरा!"

भिंतीजवळचा वर्ग, बाईंसकट, खरोखरच एक पाऊल मागे सरकला. मग एकदम सगळे फुटले. बाई सापळ्याला धरून उभ्या होत्या, डोळे पुसत होत्या, आणि म्हणत होत्या, "पास! दोघंही पास! आता कुणीतरी मला पाणी द्या."

दोघांनी मिळून एक लहानशी जागा घेतली. दोन टेबलं, स्वच्छ चादरी, दारात एक मोठी कुंडी. पहिलं गिऱ्हाईक आलं ते ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर. मान अशी आखडलेली की मागे बघायचं तर अख्खे वळायचे. कपाटाने पाहताक्षणी ओळखलं. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून हा माणूस श्वास रोखून धरतोय, सगळा कारभार मानेवर चाललाय. दोघांनी मिळून त्यांच्या फासळ्या सैल केल्या, मानेच्या दोरखंडांना समजावलं. मास्तर सुरुवातीला "हे असं किती वेळ?" म्हणत होते. शेवटी शेवटी ते बोलायचे बंद झाले, आणि छातीतून असा एक निःश्वास निघाला, की शिट्टीला वाटलं तो कित्येक वर्षं आत अडकून पडला असावा.

मास्तर उठले, तरंगत तरंगत बाहेर गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग मागे घेतल्याचा. मग एक धाड.

दोघं दाराकडे धावली. मास्तर गाडीतून उतरून कुंडीच्या तुकड्यांकडे बघत उभे होते.

"तुमची कुंडी गेली," ते म्हणाले.

"तुम्हाला लागलं नाही ना?" शिट्टीने विचारलं.

"नाही हो. गंमत बघा. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं." त्यांनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, आणि लहान मुलासारखे हसले. "अहो, मला रागच येत नाहीये! पुढच्या आठवड्यात कधी येऊ?"